फरशीच्या कडेची फट

आई येणार म्हणून मी घरातली जी जी कामं काढली, त्यांत सगळ्यात किरकोळ काम होतं वरच्या बाथरूमच्या फरशीचं. फरशी जिथे टबाला आणि भिंतीला टेकते, तिथलं ग्राउट तडकलं होतं. टाइलांच्या सांध्यात सिमेंटसारखं जे भरतात, ते. कमोडच्या मागून निघून टबाच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक फट गेली होती आणि नखाने खरवडलं की पांढरा भुगा हातात यायचा. नवरा म्हणाला, “कोणाला तरी बोलव यार, आपल्याला जमणार नाही.” त्याला जमणार नव्हतं हे खरंच होतं. भिंतीत खिळा मारायचा तर तो आधी तीन व्हिडिओ बघतो आणि मग खिळा कुठे ठेवला ते विसरतो. मला जमणार होतं. मी दुकानातून ग्राउटचा डबा, खरवडायचं हत्यार आणि स्पंज आणला, शनिवारी गुडघ्याखाली उशी घेऊन बसले, जुनं सगळं उकरून काढलं आणि नवीन दाबून भरलं. संध्याकाळी कडा इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मी उगाचच दोनदा दिवा लावून बघून आले.

हे सप्टेंबरातलं. आई ऑक्टोबरात आली. महिने मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी ते सोयीस्कर विसरले.

आई बहात्तर वर्षांची. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तिने सगळी नोकरी नर्स म्हणून केली आणि रिटायर होताना ती वॉर्डाची मोठी सिस्टर होती. बाबा गेल्यापासून साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. मी तिची एकुलती एक, आणि मी इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, इतक्या लांब. दोन वर्षं फोनवर तिच्या मागे लागले होते, की ये, कायमची ये. शेवटी ती म्हणाली, “सहा महिने येऊन बघते. जमलं तर राहीन.” मला तेवढं पुरे होतं. मी ग्रीन कार्डाचे फॉर्म भरून ठेवले, तिच्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली. साताऱ्याला तिच्या वरच्या मजल्यावर जे काका राहतात, त्यांना तिचा फ्लॅट मुलासाठी हवा होता. त्यांना मी परस्पर शब्दही देऊन टाकला, की आईचं इथे राहायचं ठरल्यात जमा आहे, फ्लॅट तुमचाच. त्या हिवाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. आईने राहावं.

ती आल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू असताना वरून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग झाडूचा. घासून घासून फरशी धुताना येतो तो आवाज. मी लहानपणी रोज सकाळी ऐकलेला. क्षणभर बरं वाटलं, आणि मग मी कुठे बसले आहे ते लक्षात आलं. कॅमेरा बंद करून मी जिन्याने वर धावले.

आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून उभी होती. फरशीभर साबणाचं पाणी. टबाच्या बाहेर प्लॅस्टिकचं स्टूल, बादली, मग. हातात गॅरेजमधला लांब झाडू. तिची अंघोळ झाली होती, टबाच्या बाहेर, फरशीवर बसून, आणि आता ती शिरस्त्याप्रमाणे उरलेल्या पाण्यात बाथरूम धुऊन काढत होती. मला बघून म्हणाली, “अगं, जाळी कुठाय? मगापासून शोधतेय. पाणी काढू कुठं?”

“जाळी नसते इथे!” मी जवळजवळ किंचाळलेच.

“बाथरूमला जाळी नसते?” ती माझ्याइतकीच हादरली. “मग धुतात कशी?”

“धूत नाहीत आई. पुसतात.”

“शी!” ती म्हणाली, आणि ते इतकं मनापासून होतं की मला त्या अवस्थेतही हसू आलं. घरातले सगळे टॉवेल आणून आम्ही दोघींनी पाणी टिपलं. मी तिला समजावलं, की ही घरं लाकडाची असतात, फरशीखालीसुद्धा लाकूडच, ढाळ नसतो, पाणी टबातच राहायला हवं. टबाची कड तिला उंच पडत होती म्हणून तर ती बाहेर बसली होती. मग मी धरायला भिंतीवर दांडी बसवली आणि स्टूल टबात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती टबात बसून अंघोळ करू लागली. आई मुळात एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लावणारी बाई नाही. दवाखान्यात नवीन आलेल्या मुलींनाही ती तेच शिकवायची.

सकाळी अंघोळ झाली की ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून पूजेला बसायची. साताऱ्याहून तिने बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा एका स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून आणले होते. अंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही, हा तिचा एकच कडक नेम. बाकी ती काही फार धार्मिक नाही. उपास तर तिला कधीच झेपले नाहीत. माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेची बस येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहायची आणि इंग्रजीतून शंभर प्रश्न विचारायची, आणि आई मराठीतून उत्तरं द्यायची. दोघींचं छान चाललं होतं. मला वाटलं, जमलंच.

नोव्हेंबरात डायनिंग टेबलाच्या वर छताला डाग दिसला. चहाच्या रंगाचा, बशीएवढा. मी वर गेले. फरशीच्या कडेचं माझं ग्राउट पुन्हा तडकलं होतं, त्याच जागी, कमोडच्या मागून टबापर्यंत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकं निगुतीने केलेलं काम, आणि दोन महिनेसुद्धा टिकलं नाही! खाली येऊन मी आईवर सरळ तोफ डागली. किती वेळा सांगायचं, घर सडेल, छत खाली येईल, हे सातारा नाही. एकदाच सांगितलं होतं, पण रागात मी “किती वेळा” म्हणाले. आई वाटाणे सोलत होती. तिने सोलणं थांबवलं आणि म्हणाली, “मी नाही सांडत गं पाणी. त्या दिवसानंतर थेंब नाही सांडला.”

“मग हे काय आहे?”

“ते मला काय माहीत?”

नवरा मध्ये पडला, “अगं, जुनं घर आहे, पाइपबिइप लीक होत असेल. चेक करून घेऊ.” त्याला मी गप्प केलं. ज्याला खिळा मारता येत नाही त्याने पाइपांवर बोलू नये, असं काहीतरी बोलले. मला आठवतंय, आई त्याच्याकडे बघून किंचित हसली होती.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतंय,” आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. सोळा वर्षं मी हेच करते आहे आणि चांगलं करते. कोण काय म्हणतो याकडे लक्ष द्यायचं नाही, काय होतंय ते बघायचं. ही सवय घरी येताना दाराबाहेर ठेवता येत नाही, निदान मला तरी आली नाही. मी पुन्हा ग्राउट आणलं, पुन्हा एक शनिवार घालवून फट भरली, आणि ते वाळल्यावर टॉयलेट पेपरच्या पट्ट्या फाडून फरशीच्या कडेने, टबाजवळच्या पायपुसण्याखाली आणि कमोडच्या मागे सरकवून ठेवल्या. थेंब पडला की कागदाला कळणार. वाळला तरी सुरकुती राहणार. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

पहिल्याच दिवशी टबाच्या कोपऱ्यातला कागद ओला निघाला. फार नाही, बोटभर. संध्याकाळी जेवताना मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, “आई, टबातून बाहेर यायच्या आधी पाय नीट पुसत जा हं. थेंब पडतात.”

आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवसापासून कागद कोरडे. तिसऱ्या दिवशी कोरडे, आठवडाभर कोरडे. मी नवऱ्याला म्हटलं, “बघितलंस? तपासलं की सगळं सुधारतं.” तो म्हणाला, “तू आईंच्या बाथरूममध्ये कागद ठेवलेस?” मी म्हटलं, “तिला कुठे कळलंय?” तो मान हलवत निघून गेला. पुढे मी रोज बघायचंही सोडलं. रविवारी एकदा वर जायचं, वाकून कागद बघायचे, कोरडे आहेत म्हणून खूश होऊन खाली यायचं. जे तपासायचं ठरवलं होतं तेवढंच मी तपासत होते.

त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट घडली, जिने मी अगदी हरखून गेले. माझी मुलगी पूजा करायला लागली. आई खुर्चीत बसून सांगायची आणि मुलगी बाळकृष्णाला पळीने पाणी घालायची, पुसायची, गंध लावायची. “आजी, आय डिड द फ्लॉवर्स! नाउ व्हॉट?” आई म्हणायची, “आता हळद-कुंकू. अन्नपूर्णेला. हळू.” मी जिन्यात उभं राहून व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीने लिहिलं, संस्कार असावेत तर असे. मी त्याला बदाम टाकला. आई स्वतः पूजा का करत नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही. गुडघे दुखत असतील, नातीला शिकवत असेल. दोन महिने रोज हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

जानेवारीत छतावरचा डाग बशीएवढा होता तो ताटाएवढा झाला, आणि फरशीच्या कडेचं ग्राउट तिसऱ्यांदा तडकलं. कागद कोरडेच होते. आता मात्र मला काही सुचेना. तेव्हा कुठे मी फरशीचं काम करणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो साठीचा होता, तरुणपणी मेक्सिकोतून आलेला, गुडघ्यांना जाड पॅड बांधलेला, कमी बोलणारा मिस्त्री. आईने त्याला आधी चहा दिला. तो वर आला, वाकून कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी भरलं? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, काम सफाईदार आहे, पण चुकीचं आहे. फरशी आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, लाकडाचं घर थंडीत आक्रसतं, पावसाळी हवेत फुगतं, त्यामुळे कडेला कडक ग्राउट कधीच टिकत नाही. तिथे रबरासारखं लवचीक सिलिकॉन भरायचं असतं. मला वाटलं, सुटले, एवढंच होतं तर. पण तो उठला नाही. कमोडच्या बाजूला त्याने तळवा टेकवून फरशी दाबली आणि मला म्हणाला, बघा. टाइल खाली गेली आणि वर आली. अगदी थोडी, पण मी डोळ्यांनी बघितली.

त्याने पाणी बंद करून कमोड काढला. खालच्या दोन टाइला उचलल्या. मग पेचकस टाइलांखालच्या लाकडावर टेकवला आणि जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या खारीत बोट जावं तसा. लाकूड काळं पडलं होतं आणि असा वास आला की मी नाकाला ओढणी लावली. त्याने शांतपणे सांगितलं, कमोडच्या खाली मेणाची एक चकती असते, ती नीट बसवलेली नव्हती. प्रत्येक फ्लशला थोडं थोडं पाणी लाकडात मुरत होतं. खालचा डाग याच्याच बरोबर खाली असणार. होताच. टबाच्या खाली नव्हता, कमोडच्या खाली होता. मी टेप घेऊन एकदा मोजलं असतं तरी कळलं असतं.

“किती दिवसांचं असेल?” मी विचारलं.

दिवस नाहीत, वर्षं, तो म्हणाला. चार-पाच तरी. मग त्याने विचारलं, कडेची फट तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसली?

मी तोंड उघडलं आणि सप्टेंबर म्हणाले. आई ऑक्टोबरात आली होती. ती यायच्या आधी, तिच्या स्वागतासाठी म्हणून, मी स्वतः गुडघ्यांवर बसून ती फट भरली होती. फट होती, म्हणूनच भरली होती. इतकी उघड गोष्ट मला तीन महिने दिसली नव्हती, आणि लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. खाली आई त्या माणसासाठी अजून काहीतरी तळत होती, आणि मला तिच्यासमोर जायची लाज वाटायला लागली.

तेवढ्यात तो टबाकडे वळला. म्हणाला, आणि हा टब तुम्ही वापरत नाही, तर अधूनमधून यात पाणी सोडत जा. खालच्या पाइपातलं पाणी आटलंय, म्हणून गटाराचा वास येतोय.

मी म्हटलं, नाही नाही, माझी आई रोज इथेच अंघोळ करते.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टबाकडे. मी पुढे होऊन बघितलं. टबाच्या तळाला धुळीचा पातळ थर होता. स्टूलवरही. साबणाच्या खाचेत चंदनाची वडी होती, सुकून तडकलेली. मी ती उचलली तर तिचे दोन तुकडे झाले. दोन महिने मी दर रविवारी इथे येऊन, वाकून, फक्त कागद बघत होते.

मी आईच्या खोलीत गेले. कपाटाशेजारी, खुर्चीच्या मागे, आमचं स्टीलचं मोठं पातेलं होतं. ते डिसेंबरपासून सापडत नव्हतं आणि ते पॉटलकला, सगळ्यांनी एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, नेऊन हरवल्याचा आळ मी नवऱ्यावर घेतला होता. पातेल्यात दोन छोटे टॉवेल, चौकोनी घडी घालून. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं. सगळं इतकं नीटनेटकं, इतकं शिस्तीत मांडलेलं, की बघताक्षणी समजलं हे काय आहे.

आई माझ्या मागोमाग वर आली होती, हातात भज्यांची बशी. मी म्हटलं, “आई, हे काय आहे?”

“काय म्हणजे? स्पंजिंग.” ती अगदी सहज म्हणाली. “अंथरुणावरच्या पेशंटला करतात ते. एक टॉवेल साबणाचा, एक साध्या पाण्याचा. जन्मभर लोकांची केलीत. दोन मिनिटांचं काम आहे. पाणी सांडत नाही.”

“दोन महिने?”

“केस धुते ना मी. तू ऑफिसला गेलीस की किचनच्या सिंकमध्ये.”

मी विचारलं, “आणि पूजा?”

“पुसून घेतलं म्हणजे अंघोळ थोडीच झाली?” ती म्हणाली. “म्हणून तर पोरीला बसवलं. देव पारोसे राहायला नकोत.”

व्हिडिओ मी काढला होता. बदाम मी टाकला होता. मी तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं, मेणाची चकती, लाकूड, सप्टेंबर, सगळं. माझं चुकलं म्हटलं. चारचारदा म्हटलं. आईने बशी बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं झालं, कळलं ते. नाहीतर एखाद्या दिवशी कमोडसकट खाली आले असते मी, तुमच्या जेवणात.” आणि हसली. तिला हसताना बघून मला वाटलं, संपलं, माफ केलं तिने.

मग मी कामाला लागले. मिस्त्रीला सांगितलं, नुसतं लाकूड बदलू नका, मला सगळी बाथरूमच ओली होऊ शकेल अशी करून द्या. मधोमध जाळी, जाळीकडे ढाळ, टब काढून टाका, कडेला सगळीकडे सिलिकॉन. त्याने दोनदा विचारलं, सगळी? मी म्हटलं, सगळी. तीन आठवडे लागले. फरशी झाली, वाळली, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी वरून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग मगाने अंगावर घेतल्याचा, मग झाडूचा. फरशी घासून घासून धुतल्याचा आवाज. मी मीटिंगमध्ये होते आणि माझे डोळे भरून आले. मी कॅमेरा बंद केला नाही. थोड्या वेळाने आई ओल्या केसांना पंचा गुंडाळून खाली आली आणि स्वतः पूजेला बसली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी फॉर्म काढले. आई डायनिंग टेबलाशी बसली होती, वर छत नवीन रंगवलेलं. मी फॉर्म तिच्यासमोर ठेवले, पेन ठेवलं, सहीच्या जागी बोट ठेवलं. तिने चष्मा लावला, पहिलं पान सावकाश वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवले.

“बाथरूम फार छान केलीस,” ती म्हणाली. “पण मी एप्रिलला जाते.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. “का? आता काय कमी आहे?”

“काही कमी नाही.”

“मग? मी सॉरी म्हटलं ना आई.”

“म्हटलंस की. मी कुठं रागावलेय?” तिने चष्मा काढून मिटला. “तू ते कागद ठेवलेस ना, ते मला पहिल्याच दिवशी दिसले. पायपुसणं उचलून झटकते मी रोज. बघितलं आणि कळलं. आम्ही वॉर्डात करायचो असं. पेशंट गोळी गिळलो म्हणतो आणि गादीखाली लपवतो, असा संशय आला की त्याच्या नकळत गादी चाचपायची. करावं लागतं ते. पण कोणाचं करतो आपण? ज्याच्या बोलण्याचा भरवसा उरला नाही त्याचं.”

ती पुढे म्हणाली, “मी नाही सांडत म्हटलं होतं तुला. वाटाणे सोलताना. तिथं वॉर्डात माझ्या नुसत्या सांगण्यावर डॉक्टर इंजेक्शन बदलायचे गं. आता या वयात रोज सगळं शाबीत करून दाखवायचं म्हणजे जिवावर येतं.”

हे ती भांडणाच्या सुरात बोलली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ती औषधाच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात बोलत होती, आणि ते सगळं खरं होतं. नवरा किचनमध्ये भांडी लावत होता, त्याचा आवाज थांबला.

मग आई म्हणाली, “वरच्या काकांना फोन कर. फ्लॅट द्यायचा नाही म्हणून सांग.”

मी इतकी हादरले होते की हे तिला कसं कळलं तेही विचारलं नाही. काकांनीच सांगितलं असणार, दिवाळीच्या फोनवर. म्हणजे तेही तिला तेव्हापासून माहीत होतं. मी कसंबसं म्हटलं, “करते आई. उद्या नक्की करते.”

“आत्ता कर,” ती म्हणाली. “तिथं सकाळ झालीय. माझ्यासमोर कर.”

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. मी फोन लावला. तिने हात पुढे करून स्वतःच स्पीकर चालू केला, आणि मी काकांना ते पूर्ण वाक्य सांगेपर्यंत तिने नजर फोनवरून काढली नाही.